सुया, छायाचित्र आणि चिकटवही
(नभोवाणीवरील भाषण)

शनिवार-रविवारच्या सुटीचे छंद हा विषय मला बोलावयास दिला, तेव्हां प्रथम थोडें हसूं आलें. मी धानोऱ्याचा रहिवासी. नंदुरबार जिल्ह्यांतल्या आमच्या या गांवांत शनिवार-रविवार ही वस्तु मास्तर, तलाठी आणि बँकेंतील कारकून यांच्यापलीकडे फारशी कोणाच्या उपयोगाची नाहीं. कापसाचीं बोंडें फुटलीं कीं वेचणी रविवार पाहून थांबत नाहीं. मिरचीची तोडणीहि थांबत नाहीं. शहरांत राहणाऱ्या श्रोत्यांना मात्र रविवार इतका अंगवळणीं पडला आहे कीं, तो कोणीं तरी भांडून मिळविलेला आहे हें ध्यानांतहि येत नाहीं. मुंबईच्या गिरण्यांतून पूर्वीं आठवड्याची ठराविक सुटी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ पासून ती मागणी लावून धरली, आणि १० जून १८९० रोजीं गिरणीमालकांनीं ती मान्य केली. सहा वर्षें झगडून मिळालेला दिवस माणसानें जांभया देऊन घालवावा, हें मला मास्तरकीच्या संवयीमुळें कीं काय, पटत नाहीं.

अर्थात् मी स्वतः निवृत्त होईपर्यंत जांभयाच देत होतों, हें आधींच कबूल करून टाकतों. मॅट्रिक झालों, शिक्षकाचा अभ्यासक्रम पुरा केला, आणि पुढचीं सारीं वर्षें मुलांच्या पाट्या व वह्या तपासण्यांत गेलीं. रविवारीं दाढी, वर्तमानपत्र आणि दुपारची झोंप, एवढाच कार्यक्रम. घरांत छंद असा होता तो एकट्या माझ्या पत्नीला. आणि तोहि ती छंद म्हणून करीत नव्हती.

१९८१ सालीं माझी नेमणूक सातपुड्यांत, अक्राणीच्या डोंगरांतल्या एका पाड्यावर झाली. त्या वेळीं नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा नव्हता. १ जुलै १९९८ रोजीं तो धुळे जिल्ह्यांतून वेगळा झाला. त्या डोंगरांत पौषाची थंडी कशी असते, तें ज्यानें तोरणमाळला डिसेंबरांत एक रात्र काढली असेल त्याला सांगावयास नको. सकाळीं मुलें शाळेंत येत तीं काखेंत हात घालून. पाटीवर लिहा म्हटलें कीं तो हात बाहेर निघतां निघत नसे. पत्नीनें हें आठ दिवस ओट्यावर बसून पाहिलें, आणि नंदुरबारच्या बाजारांतून लोकर आणावयास सांगितलें. मीं म्हटलें, “अगं, अशी किती जणांना पुरणार?”

“एकाला तर पुरेल,” ती म्हणाली. “तुम्ही आणा तर खरें.”

एकाचे दोन झाले, दोनांचे दहा झाले. माझ्या बदल्या होत गेल्या, तशा तिच्या सुयाहि तळोदें, शहादें करीत शेवटीं धानोऱ्यास आल्या. जुन्या हजेरीपटाच्या कोऱ्या पानांवर ती नोंद ठेवी: मुलाचें नांव, छातीचें माप, रंग, लोकरीचा भाव आणि तारीख. माप टेपानें नव्हे, वितीनें. “दोन विती, चार बोटें” अशी नोंद अजून स्पष्ट वाचतां येते. अशा नोंदी सत्तावन्न आहेत. तीं सत्तावन्न मुलें आज कुठें आहेत, त्यांचे स्वेटर कुठें आहेत, याचा विचार आमच्या दोघांच्याहि मनांत कधीं आला नाहीं. दिलेली वस्तु मोजावयाची नसते, अशी आमची समजूत.

मी निवृत्त झाल्यावर चार वर्षांनीं तिला पक्षाघाताचा झटका आला. जीभ जड झाली होती, ती महिन्या-दोन महिन्यांत पुष्कळशी सुटली. उजवा हात मात्र सुटला नाहीं. त्या वेळीं सुयांवर नातीसाठीं घेतलेला स्वेटर होता; पाठ पुरी झालेली, पुढची बाजू बगलेपर्यंत आलेली. ती पिशवी खुंटीवर तशीच टांगलेली राहिली. एका शनिवारीं दुपारीं तिनें डाव्या हातानें पिशवी दाखविली आणि म्हणाली, “उसवून टाका तें. लोकर तरी कामास येईल.”

मीं पिशवी काढली, सुई हातांत घेतली, पण टाका ओढवेना. मीं म्हटलें, “तूं सांग, मी विणतों.”

श्रोतेहो, विणकाम म्हणजे काय, तें ज्यांनीं केलें नाहीं त्यांच्यासाठीं थोडक्यांत सांगतों. त्यांत टाके दोनच. धागा मागें ठेवून घेतला तो सुलट, पुढें आणून घेतला तो उलट. जगांतले सगळे नमुने, जाळी, वेणी, पीळ, या दोहोंच्याच मांडणींतून आणि टाके वाढविण्या-घटविण्यांतून निघतात. दोन सुलट, दोन उलट असें विणीत गेलें कीं कापड रबरासारखें ताणतें. म्हणून मनगटाला आणि गळ्याला तीच पट्टी घालतात. ऐकावयास सोपें आहे. परंतु चाळीस वर्षें खडू धरलेल्या बोटांना तें किती परकें असतें, हें मला पहिल्या दिवशीं समजलें. दोन तासांत दोन ओळी झाल्या. त्यांत एक टाका गळला, आणि गळलेला टाका आपल्या खालच्या टाक्यालाहि घेऊन जातो. पाहतां पाहतां शिडीच्या पायऱ्यांसारखी उभी भेग पडली. ती खाटेवरून म्हणाली, “थांबा. ओढूं नका.” मग क्रोशाच्या आंकड्यानें एकेक पायरी वर कशी उचलावयाची तें तिनें शब्दांनीं सांगितलें. हातानें दाखवितां येत नाहीं आणि शब्द तर सांपडला पाहिजे, अशी तिची ओढाताण मी पाहत होतों. “सुलट” म्हणावयाचें तिथें “उलट” जाई. मग स्वतःच चिडे, आणि मी विणलेलें उसवी. बाहीच्या अकरा ओळी एकदां तिनें मला उसवावयास लावल्या, कारण तिसऱ्या ओळींत एक टाका चुकला होता. मीं म्हटलें, कोणाला दिसणार आहे? तर म्हणाली, “मला दिसतो.” इतकीं वर्षें मुलांचीं गणितें मी खोडीत आलों, मुलांना त्या वेळीं काय वाटत असेल, तें मला त्या दिवशीं कळलें.

हें सारें ओट्यावर चालत असल्यामुळें गांवांत बातमी पसरावयास वेळ लागला नाहीं. शेजारचे एक वृद्ध गृहस्थ येऊन म्हणाले, “गुरुजी, आतां मावशीची नोकरी तुम्हांला लागली वाटतें!” मीं त्यांना सांगितलें कीं, दक्षिण अमेरिकेंत पेरू देशांत टिटिकाका नांवाच्या सरोवरांत ताकिले हें बेट आहे. तेथें लोकरीच्या टोप्या विणणें हें पुरुषांचें काम असून मुलगे लहानपणापासून तें शिकतात. त्या बेटाच्या वस्त्रकलेला २००५ सालीं युनेस्कोनें मानवजातीचा वारसा म्हणून गौरविलें आहे. त्यांनीं शांतपणें ऐकून घेतलें आणि विचारलें, “मग तिथं बायका काय करतात?” मीं म्हटलें, “मागावर विणतात.” “मग ठीक आहे,” असें म्हणून ते गेले. तेव्हांपासून मला कोणी हसलें नाहीं.

आमचा मुलगा सुरतेस नोकरीला आहे. शनिवारीं संध्याकाळच्या गाडीनें तो, सून आणि नात येतात, रविवारीं परततात. म्हणून आमचें विणकामहि शनिवार-रविवारचेंच ठरलें. नातीच्या अंगाला लावून पाहावें लागे. या नातीनें एके दिवशीं पिशवींतून ती हजेरीपटाची वही बाहेर काढली, नांवें वाचलीं, आणि विचारलें, “आजी, हे सगळे स्वेटर कुठं आहेत? फोटो दाखव ना.”

फोटो एकहि नव्हता. आणि आमच्या घरीं कॅमेरा नव्हता असेंहि नाहीं. १९८५ च्या सुमारास मीं आगफा कंपनीचा क्लिक-थ्री घेतला होता. त्या वेळीं तो हिंदुस्थानांतच तयार होई. ऊन आणि ढग यांच्या खुणा होत्या, त्यांतली एक निवडावयाची आणि खटका दाबावयाचा, यापलीकडे त्यांत शिकण्यासारखें नव्हतें. एका रिळांत चित्रें बारा. एक फुकट गेलें कीं जीव हळहळे. म्हणून मी तीं जपून, मोठ्या प्रसंगीं काढीत असें. मोठे प्रसंग म्हणजे शाळातपासणी, झेंडावंदन, स्नेहसंमेलन. त्या रात्रीं आम्हीं डबा उघडून सारीं चित्रें पाहिलीं. पुष्पहार घातलेले पाहुणे भरपूर होते. मुलें होतीं तीं पाहुण्यांच्या मागें, अंधुक, रांगेनें. एकाहि मुलाकडे तोंड करून मीं तो खटका दाबला नव्हता.

असा दुसरा छंद सुरू झाला. वहींतील नांवें घेऊन मी रविवारीं सकाळीं निघूं लागलों, कधीं एस्.टी.नें, कधीं मुलाच्या मोटरसायकलवर मागें बसून. कॅमेरा म्हणजे हल्लींचा मोबाइलच. पहिलीं चार छायाचित्रें पाहून नातीनें नाक मुरडलें. स्वेटर कुठें आणि पोतें कुठें, कळत नव्हतें. कारण मीं तीं भर दुपारीं, समोरून प्रकाश घेऊन काढलीं होतीं. लोकरीचा टाका दिसावयाचा तर प्रकाश बाजूनें, तिरपा हवा. सकाळीं आठ-नऊचें ऊन त्याला उत्तम. तें टाक्याच्या एका कुशीवर पडतें आणि दुसऱ्या कुशींत सावली राहते, म्हणून वीण उठून दिसते. फोनमधला दिवा लावला तर सगळें सपाट होतें. माणसाच्या चेहऱ्याचें मात्र उलट. त्याला छपराच्या सावलींत, उजेडाकडे तोंड करून उभें करावें. जो स्वेटर अंगांत घालून दाखवितां येतो त्याचीं म्हणून मी दोन छायाचित्रें घेतों, एक माणसाचें सावलींत, एक विणीचें उन्हांत. हें कोणत्याहि छायाचित्रकाराला ठाऊक असेल; मला तें सहासष्टाव्या वर्षीं कळलें, आणि कळल्यावर उन्हाकडे पाहण्याची माझी दृष्टि बदलली. सकाळीं चहा घेतांना भिंतीवर ऊन कुठें आलें आहे तें आतां मी पाहूं लागलों आहें.

दादासाहेब फाळके यांनीं १९१२ सालीं कुंडींत वाटाणा रुजवून त्याच्या वाढीचीं चित्रें रोज थोडींथोडीं घेतलीं, आणि तीं सलग दाखवून पाहणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत रोप वाढविलें. “अंकुराची वाढ” तें हेंच. ही गोष्ट मीं नातीला सांगितली. तेव्हांपासून दर रविवारीं संध्याकाळीं, त्याच खाटेवर, त्याच जागीं, सुयांवरच्या स्वेटराचें एक छायाचित्र ती घेऊं लागली. तीं सलग पाहिलीं म्हणजे बाही हळूहळू वाढते, अकरा ओळी एकदम नाहींशा होतात, आणि पुन्हां वाढते. माझी पत्नी तेवढ्या जागीं हटकून हसते.

सत्तावन्नांपैकीं आजवर एकोणीस सांपडले. कित्येक घरांना कुलूप असतें; आमच्या भागांतलीं पुष्कळ कुटुंबें ऊसतोडणीच्या हंगामांत गुजरातेंत जातात, तीं उन्हाळ्याच्या तोंडीं परततात. एक हिरवा स्वेटर मूळच्या मुलाच्या मुलाच्या अंगांत होता, कोपरांवर वेगळ्या रंगाचीं ठिगळें लावून. एक उशींत भरलेला निघाला. एकाची लोकर उसवून तिची झोळीची दोरी वळली होती; मीं त्या दोरीचेंहि छायाचित्र घेतलें, आणि आमच्या घरांत तें सर्वांना अतिशय आवडलें.

वहींतील बाराव्या नांवाचा मुलगा चौथींत असतां तापानें गेला होता. त्याच्या बापाकडे जावें कीं न जावें, याचा मीं दोन रविवार विचार केला. शेवटीं गेलों. म्हातारा काहीं न बोलतां आंत गेला, आणि पेटींतून निळा स्वेटर घेऊन आला. रंग थोडा उतरला होता. घड्या जशाच्या तशा होत्या. मीं तो खाटेवर उन्हांत पसरावयास मागितला. म्हातारा म्हणाला, “गुरुजी, माझ्या हातांतच राहूं द्या.” मग मीं तसेंच चित्र घेतलें. निघतांना त्यानें विचारलें, “तुम्ही शाळेंत फोटो काढत होता. पोराचा एखादा असेल ना?”

घरीं येऊन मीं त्या सालचें प्रत्येक चित्र भिंगाखालीं धरलें. झेंडावंदनाच्या एका चित्रांत मागच्या रांगेंत एक मूल उभें होतें. उंची साधारण तेवढी, चेहरा मात्र पुसट. नातीनें तें संगणकावर मोठें केलें. पुढच्या रविवारीं मीं तें म्हाताऱ्याला नेऊन दाखविलें. त्यानें तें दोन्ही हातांत धरून, उजेडाकडे फिरवून बराच वेळ पाहिलें. मग म्हणाला, “हा नाहीं.” आणि मला परत दिलें.

शहादें तालुक्यांतील टेंभली या गांवीं २९ सप्टेंबर २०१० रोजीं देशांतलें पहिलें आधार-पत्र देण्यांत आलें, हें आपणांस आठवत असेल. त्या कार्डावर कां होईना, त्यानंतर आमच्या भागांतल्या घरोघरच्या माणसांचे चेहरे टिपले गेले. १९८१ च्या मुलांना तेवढेंहि मिळालें नव्हतें. आणि ज्याच्या हातांत कॅमेरा होता, तो पाहुण्यांकडे तोंड करून उभा होता.

आतां तिसरा छंद. शाळेंतली चिकटवही कोणाला ठाऊक नाहीं? पुढाऱ्यांचीं चित्रें, पानें, पिसें, तिकिटें. आम्ही घरीं कणकेची खळ शिजवीत असूं, आणि कसर लागूं नये म्हणून तींत चिमूटभर मोरचूद टाकीत असूं. अमेरिकेंतला विनोदी लेखक मार्क ट्वेन याला या खळीचा इतका कंटाळा होता कीं, त्यानें आधींच डिंक लावलेल्या पानांची चिकटवही काढून १८७३ सालीं तिचें पेटंट घेतलें. माझ्या नातीच्या चिकटवहीला खळहि नको, डिंकहि नको. ती संगणकावर आहे. तींत चित्र हवें तेवढें लहान-मोठें करावें, तिरपें ठेवावें, पुन्हां सरळ करावें. कात्रीची चूक होण्याची भीति नाहीं. त्यामुळेंच सुरुवातीला तिनें पानापानावर फुलें, फिती आणि चांदण्या यांचा असा सडा घातला कीं आजी म्हणाली, “माझ्या स्वेटरवर तुझीं फुलें कशाला? मीं काय कमी विणलीं होतीं?” हा वाद दोन रविवार चालला. शेवटीं असें ठरलें: डावीकडे वहींतल्या त्या नोंदीचें चित्र, उजवीकडे स्वेटराचें व माणसाचें, आणि खालीं आजी सांगेल तें, तिच्याच शब्दांत. चांदणी एका पानाला एकच.

या खालच्या ओळींना सगळ्यांत जास्त वेळ लागतो. पत्नी डोळे मिटून बसते. एखाद्या नांवावर म्हणते, “याला खिसा हवा होता. खिशांत काय ठेवणार विचारलें, तर म्हणाला, हात.” एखाद्या नांवावर कांहींच आठवत नाहीं, तेव्हां आम्ही जागा मोकळी सोडतों. आपल्या मनचें भरावयाचें नाहीं, असा तिचा दंडक आहे.

ज्यांना असें कांहीं करावयाचें असेल त्यांना माझ्या फजितीचा उपयोग व्हावा म्हणून दोन-तीन गोष्टी सांगतों. माझा पहिला मोबाइल विहिरीवर वांकून पाणी पाहतांना खिशांतून आंत गेला, आणि त्याबरोबर सहा घरांचीं छायाचित्रें गेलीं. आतां एक प्रत घरच्या संगणकांत, एक वेगळ्या तबकडींत, आणि एक सुरतेस असते. व्हॉट्सॲपवरून सहज पाठविलेलें छायाचित्र वाटेंत लहान होतें. फोनवर तें छान दिसतें, छापावयास घेतलें कीं फिसकटतें. आमच्या वहीचें पान बारा इंच लांब आणि बारा इंच रुंद आहे. चांगल्या छपाईला इंचाला तीनशें ठिपके लागतात, म्हणजे एका बाजूला ३६०० झाले. म्हणून मूळ चित्रच जपावें. आणि आपल्या घरीं सत्तर-ऐंशी सालचे रंगीत फोटो चिकट पानांच्या, वर प्लॅस्टिकचा कागद असलेल्या आल्बमांत असतील, तर ते आजच अलगद सोडवून घ्या. तो डिंक त्यांना खातो, आणि रंगहि विटून तांबूस होतात. त्यांचीं छायाचित्रें घेऊन ठेवा, आणि मूळ फोटोच्या पाठीवर मऊ पेन्सिलीनें नांवें लिहा. जें माणूस तीं नांवें सांगूं शकतें, तें जवळ बसलें असतांनाच लिहा.

नातीचा स्वेटर पांच महिन्यांनीं पुरा झाला. तोंपर्यंत ती वाढली होती, आणि बाह्या मनगटाच्या चार बोटें वर राहिल्या. तो आतां शेजारच्या मुलीच्या अंगांत आहे. पत्नीनें वही मागितली, आणि डाव्या हातानें, पहिलींतल्या मुलासारख्या वांकड्या अक्षरांत अठ्ठावन्नावी नोंद केली. लोकरीचा भाव तिनें मला विचारून घेतला, तो ऐकून थोडी गप्प झाली, आणि लिहिला.

सध्यां सुयांवर एक टोपी आहे. काल रात्रीपर्यंत तिच्या सव्वीस ओळी झाल्या होत्या. पुढच्या रविवारीं तळोद्याकडे जावयाचें आहे. वहींतलें एकतिसावें नांव तेथें मोटारदुरुस्तीचें दुकान चालवितें, असें कळलें आहे. निरोप पाठविला होता. त्याचें उत्तर आलें कीं, स्वेटर आहे, पण आईच्या पेटींत आहे, आणि पेटीची किल्ली शोधावी लागेल.